साहित्यप्रकार ओळखताना : एम.ए. मराठीला नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.ए.ला आलं की बहुतेकजण आधी व्याख्या पाठ करायला घेतात. परीक्षेपुरतं ते निभावतं, पण अनोळखी उतारा समोर आला की पेन अडतं. मला खरा आधार झाला एका प्रश्नाचा: हे कोण सांगतंय, आणि आपण ते काय धरून वाचायचं?

आपल्या ठाणे स्टेशनातलंच बघा. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये एक निवृत्त काका रोज खिडकी धरतात, सून आली की तिला बसवून उतरतात. एके दिवशी सून येत नाही आणि गाडी सुटते. कथेला ही एक सकाळ पुरते. कादंबरी कळव्यातल्या घरात शिरेल, मुलाची सुटलेली नोकरी, सुनेचं माहेर, सगळं मागेल. एकांकिकेत काकांच्या मनातलं परस्पर सांगायची सोय नाही. मग समोरच्या बाकावरचा प्रवासी विचारतो, "काका, आज उतरला नाहीत?" त्यावर काका जे बोलतील किंवा टाळतील, तेच नाटक. ललितलेखात काका निमित्तमात्र. तिथे लिहिणाऱ्याचंच मन उलगडतं.

हेच काकांनी स्वतः लिहिलं तर आत्मकथन, आणि तिथे आपण 'हे घडलेलं आहे' असं धरून वाचतो. सर्वात जास्त वेळ इथे द्या. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली हकिकत दया पवारांना सांगतो. दोघं एकच! भोगणारा आणि लिहिणारा असे वेगळे उभे केल्यामुळे त्या 'मी'ला केवढी धार येते, ते वाचूनच कळतं. तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र'ही जरूर वाचा. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी गोळा केल्या. नाव चरित्राचं, पण एकेक लीळा छोट्या प्रसंगासारखी, संवादांनी भरलेली. कप्पे इतके घट्ट नसतात हे तिथे पटतं.

कवितेचे प्रकार इथे घेत नाही, तो स्वतंत्र अभ्यास आहे.

ठाण्यात राहणाऱ्यांना १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहे. एखादा दिवाळी अंक घ्या, अनुक्रमणिका झाकून चार लेख वाचा आणि प्रत्येकाचा प्रकार कारणासह वहीत लिहा. मग अनुक्रमणिका उघडा. जिथे तुमचं आणि संपादकाचं जमत नाही, तो लेख वर्गात घेऊन जा.