पाहुण्यांचं वायफाय वेगळं

नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आलो तेव्हा आमच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे माझाच मोबाइल नंबर. तो नंबर अख्ख्या सोसायटीकडे! नेट का रखडतं, हे कळायला तीन महिने गेले.

म्हणून फोन-टीव्ही जोडण्याआधी राउटर नीट लावा. त्याच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बरेचदा १९२.१६८.१.१ असा. तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा आणि आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. हा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड, वायफायच्या पासवर्डहून वेगळा. लोक नेमके इथेच विसरतात. मग सिक्युरिटीत डब्ल्यूपीए-३ निवडा, हे वायफायचं नवं, भक्कम कुलूप. जुना लॅपटॉप अडून बसला तर त्याआधीचं डब्ल्यूपीए-२, पण यादीत ‘एईएस’ लिहिलेलं. डब्ल्यूईपी हे जुनं, सहज फुटणारं कुलूप अजिबात नको. पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडणारं डब्ल्यूपीएस सोयीचं खरं, पण त्याचा आठ आकडी पिन ओळखून काढता येतो, तेही बंद करा.

वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. मी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडतो. ‘गोदावरी१२३’ नाशकात कुणीही ओळखेल.

आता फोनवर नेटवर्कचं नाव निवडा, पासवर्ड टाका, झालं. आईच्या फोनला मी माझ्या फोनवरचा क्यूआर कोड दाखवला, टाइप करायची कटकटच नाही. स्मार्ट बल्ब मात्र रुसले होते: राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देतो, पण बहुतेक बल्ब फक्त २.४ वर चालतात, ५ वालं नेटवर्क त्यांना दिसतच नाही.

बल्ब, कॅमेरा आणि दिवाळीचे पाहुणे या सगळ्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं वेगळं वायफाय द्या. भाचरांनी पासवर्ड मागितला की मी त्याचाच सांगतो, आणि ती गेली की बदलतो.