ईसीयूशी बोलणारा कोड लिहिताय? या चुका टाळा

ईसीयू (गाडीचं इंजिन सांभाळणारा संगणक) गप्प बसला की पहिला संशय केबलवर जातो. बऱ्याचदा उत्तर आलेलं असतं, ते वाचणारा कोड चुकलेला असतो.

जुन्या गाड्यांची के-लाइन (ईसीयूशी बोलायची एकच वायर) यात सगळ्यात जास्त छळते. पाठवणं आणि ऐकणं एकाच वायरवर चालतं, म्हणून आपला प्रत्येक बाइट आपल्याच बफरमध्ये परत येतो. आरपीएमसाठी (इंजिनचे मिनिटाला फेरे) हेक्समध्ये ‘६८ ६ए एफ१ ०१ ०सी डी०’ पाठवलं, तर आधी हेच सहा बाइट वाचून, पडताळून टाकून द्या. नाहीतर आपला प्रश्नच उत्तर म्हणून पार्स होतो. बाइट सलग ढकलू नका, मध्ये किमान ५ मिलिसेकंद सोडा.

जोडणीच्या सुरुवातीला ३३ हा (हेक्स) पत्ता ५ बॉडने (सेकंदाला ५ बिट) द्यावा लागतो, आणि अनेक यूएसबी-सिरियल चिप इतक्या हळू चालतच नाहीत. अशा वेळी ब्रेक सिग्नलने लाइन हाताने हलवा: २०० मिलिसेकंद खाली, मग ४०० वर, ४०० खाली, ४०० वर, ४०० खाली, शेवटी २०० वर. एकूण २ सेकंद. लगेच १०४०० बॉडवर या. ईसीयूकडून ५५ आणि दोन की-बाइट येतील. दुसऱ्या की-बाइटचे बिट उलटे करून २५ ते ५० मिलिसेकंदांत परत पाठवा, सीसी आलं की जोडणी झाली. पुढे ५ सेकंद काहीच विचारलं नाही तर ती तुटते. त्यामुळे काम नसलं तरी ‘०१ ००’ विचारत राहा.

कॅनवर (नव्या गाड्यांतली संदेशवाहिनी) व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पहिली तीन अक्षरं येऊन सगळं थांबतं? फ्लो कंट्रोल (‘पुढचं पाठव’ हा संदेश) राहिलाय. ७ई८ (इंजिन ईसीयूचा उत्तराचा आयडी) कडून पहिली फ्रेम आली की ‘३० ०० ००’ हे ७ई० (त्याच ईसीयूचा आयडी) ला पाठवा, ७डीएफ (सगळ्या ईसीयूंना एकदम विचारायचा आयडी) ला नाही. लिनक्स ५.१० पासून कर्नलमध्येच आयएसओ-टीपी (लांब संदेश तुकड्यांत पाठवायची पद्धत) आहे, तो वापरणं उत्तम.

‘७एफ’ने सुरू होणाऱ्या उत्तराच्या शेवटी ७८ असेल तर तो नकार नव्हे, ‘थांबा’ आहे. प्रश्न पुन्हा न पाठवता ५ सेकंदांपर्यंत वाट पाहा.

फॉल्ट कोड वाचताना एक फरक हमखास निसटतो: कॅनवर उत्तरातल्या ४३ नंतरचा बाइट कोडची संख्या सांगतो, के-लाइनवर तो नसतो. एकच पार्सर दोन्हीकडे लावला की कोड एका बाइटने सरकतात आणि गाडीत नसलेला बिघाड दिसतो. वापरणारा त्या भरवशावर सुटा भाग बदलून बसेल, म्हणून दोन्हींच्या टेस्ट वेगळ्या लिहा.

बग नोंदवताना वेळेसकट कच्चे बाइट जोडा. मात्र सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकण्याआधी त्यातला व्हीआयएन झाका. हेक्समध्येही तो सहज वाचता येतो.