रोज आठ वचनं, एक शब्द
प्रार्थनेला बसलं की मन भाजीच्या यादीकडे पळत असेल, तर पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, 119 वं स्तोत्र हाती घ्या. 176 वचनांचं हे स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांत विभागलेलं आहे. रोज सकाळी एकच भाग, ओठ हलवत, सावकाश वाचा. छापील पवित्र शास्त्रातूनच. फोनवर वाचायला गेलं की मेसेज दिसतातच. मनाला भिडलेला एक शब्द चिठ्ठीवर लिहून डब्याच्या पिशवीत ठेवा. दुपारी डबा उघडताना तो शब्द घेऊन प्रभूशी दोन मिनिटं बोला, अगदी घरच्या बोलीत. मन भरकटलं तर स्वतःवर चिडू नका, त्याच शब्दावर परत या. रात्री दिवा मालवण्याआधी, आज तो शब्द कुठे कुठे आठवला, एवढंच देवाला सांगा.