मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा
मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये. ताशी 900 किलोमीटर वेग धरल्यास आठ तास येतात, परंतु धावपट्टीपर्यंतची रांग, चढ-उतार आणि वाटेतील वळसे धरून प्रत्यक्षात नऊ-दहा तास लागतात. उंचावरील पश्चिमी वारे येताना पाठीमागून लागत असल्याने परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो. तिकिटावरील वेळा मात्र स्थानिक असतात, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो: लंडनचे घड्याळ भारताच्या मागे असल्याने, मुंबईहून रात्री 2 ला निघून सकाळी 6.30 ला पोहोचणाऱ्या विमानाच्या साडेचार तासांत हिवाळ्यात साडेपाच, तर ब्रिटनच्या उन्हाळी वेळेत (तिथली घड्याळे तासभर पुढे असतात तेव्हा) साडेचार तास मिळवावेत.