किशोरांच्या कादंबरीतले चावून चोथा झालेले साचे: आपल्या खर्ड्यात ते कसे शोधावेत आणि त्यांचं काय करावं

सोळा वर्षांची अनाथ मुलगी. स्वतःला अगदी साधीसुधी समजणारी. पहिल्या पानावर आरशात बघून ती आपल्या केसांचं आणि डोळ्यांचं वर्णन करते. तिसऱ्या प्रकरणात तिला कळतं की जगाचं भवितव्य तिच्याच हाती आहे. पाचव्या प्रकरणापर्यंत दोन मुलं तिच्या प्रेमात पडलेली असतात, एक लहानपणापासूनचा समंजस मित्र आणि दुसरा अबोल, तिरसट, भूतकाळ लपवणारा. यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरांसाठीच्या, कादंबऱ्या वाचणाऱ्याला यापुढचं सांगावं लागत नाही.

तुमच्या खर्ड्यात यातलं काही असेल तर लगेच कात्री चालवू नका. साचा जुना असतो तसा उपयोगीही असतो. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये परीकथांचा सांगाडा मांडताना ३१ घटक मोजले. त्यातला पहिलाच घटक म्हणजे घरातलं कुणीतरी घर सोडून जाणं, आणि आईवडिलांचा मृत्यू हे त्याचंच तीव्र रूप. शेवटचा घटक लग्न आणि राज्यप्राप्ती. म्हणजे पोरकी नायिका कुठल्या आळशी लेखकाने परवा शोधून काढलेली नाही. बिघडतं ते असं की लेखक आधीच्या पुस्तकातला परिणाम उचलतो आणि त्यामागचं कारण तिथेच सोडून येतो. दुरुस्ती करायची ती या कारणाची.

१. आधी खर्डा संपवा

लिहिता लिहिता साचे टाळायला गेलात तर तिसऱ्या प्रकरणापुढे जाणार नाही. पहिल्या खर्ड्यात सगळं येऊ द्या.

२. पेन्सिल घेऊन बसा आणि समासात खुणा करा

वाचताना तीन थरांवर नजर ठेवा. पहिला थर कथानकाचा: भविष्यवाणी, निवडलेली व्यक्ती, माणसांची गटांत वाटणी करणारी हुकूमशाही आणि ती उलथवणारी शाळकरी मुलं, पहिल्या नजरेतलं प्रेम, चश्मा काढला की सुंदर दिसणारी मुलगी. दुसरा थर पात्रांचा: बेपत्ता आईबाप, दुष्ट पण लोकप्रिय मुलगी, सतत विनोद करणारा आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात मरणारा मित्र, ‘मी इतर मुलींसारखी नाही’ म्हणणारी नायिका. तिसरा थर वाक्यांचा, आणि तोच सगळ्यात जास्त निसटतो. नायिकेने नकळत रोखून धरलेला श्वास सोडणं, नायकाने एक भुवई उंचावणं, स्वप्नातून दचकून जाग येणं, तोंडात रक्ताची लोखंडी चव.

या टप्प्यावर काहीही खोडायचं नाही. फक्त खूण.

३. प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारा: हे काढलं तर काय कोसळतं?

काहीच कोसळत नसेल तर ते सजावट म्हणून आलं होतं, काढून टाका. काही कोसळत असेल तर तो साचा काम करतोय, मग त्याच्याकडून पूर्ण काम करून घ्या. ही परीक्षा सगळ्यांत उघड दिसते ती आईबापांच्या बाबतीत, म्हणून तिथे थोडं थांबू.

किशोरवयीन पात्रांना रात्री दोन वाजता घराबाहेर काढायचं तर मोठी माणसं आडवी येतात. ही लेखकाची खरीखुरी अडचण आहे. तिच्यावरचा सोपा उपाय म्हणजे आईबापांना पुस्तक सुरू होण्याआधीच अपघातात मारणं. मग सोयिस्कर मावशी येते, जी कधी काही विचारत नाही. आता याच साच्याचं दुसरं टोक पाहा. अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ मध्ये आली तेव्हा त्या स्वतः जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. त्यातल्या तीन भावांचे आईवडीलही मोटार अपघातातच गेलेले आहेत. पण तिथे त्या मृत्यूचं बिल दर पानावर भरावं लागतं. थोरला भाऊ विशीतच धाकट्यांचा बाप झालाय, त्याचं कॉलेजला जाणं राहून गेलंय, तो धाकट्यावर खेकसतो. वर भीती ही की आपण नीट वागलो नाही तर सरकार आपल्याला वेगळं करेल. आईवडील जिवंत केले तर ती कादंबरी उभीच राहत नाही.

तुमच्या गोष्टीत पालक नसतील तर व्यवहाराचे प्रश्न विचारा. घरभाडं कोण भरतं? शाळेच्या कागदावर सही कोणाची? ताप आला तर रात्री शेजारी कोण बसतं? उत्तरं मिळाली की निदान दोन प्रसंग आपोआप सुचतील. मिळालीच नाहीत तर पालकांना जिवंत ठेवून पाहा. रात्रपाळी करणारी आई, आजारी बाप, किंवा मुलीवर इतका विश्वास टाकणारे आईवडील की खोटं बोलताना तिचीच जीभ अडखळते. माझ्या मते हा शेवटचा पर्याय सगळ्यात कमी वापरला गेलाय आणि सगळ्यात जास्त छळणारा आहे.

४. निवडलेल्या व्यक्तीला निवडलं कोणी, ते ठरवा

‘नियतीने’ हे उत्तर चालणार नाही. नियतीने निवडलं की पात्राला ठरवण्यासारखं काही उरत नाही. हॅरी पॉटर मालिकेच्या पाचव्या भागात, २००३ मध्ये, उघड होतं की ती भविष्यवाणी दोन मुलांना लागू पडत होती. शत्रूने त्यातल्या एकाला आपला प्रतिस्पर्धी मानलं आणि तिथून तो ‘निवडलेला’ ठरला. साचा तोच, पण निवड माणसाने केलेली, भीतीपोटी केलेली, आणि कदाचित चुकीची. तुमच्याकडेही निवडणाऱ्याला नाव, हेतू आणि चूक करण्याची मुभा द्या.

५. प्रेमाच्या त्रिकोणातून प्रेम वजा करून बघा

दोघांपैकी कोण, हा प्रश्न बाजूला ठेवल्यावर नायिकेपुढे काही पेच उरतो का? एकाबरोबर जायचं तर घरच्यांशी एकनिष्ठ राहायचं, दुसऱ्याबरोबर जायचं तर सगळं मागे टाकायचं, असा दोन आयुष्यांतला पेच असेल तर त्रिकोण ठेवा. फक्त केसांचा रंग आणि स्वभावाचं तापमान वेगळं असेल तर एका मुलाला घरी पाठवा. झटपट चाचणी हवी असेल तर दोघांचे संवाद एकमेकांच्या तोंडी घाला. फारसा फरक पडला नाही तर तुमच्याकडे मुळात एकच पात्र आहे.

अशीच एक चाचणी नायकाला जगायला शिकवणाऱ्या, विक्षिप्त आणि मनमोहक मुलीलाही लावा. त्या प्रकाराला २००७ मध्ये चित्रपट समीक्षक नेथन राबिन यांनी ‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ असं नाव दिलं. ते इतकं बोकाळलं की २०१४ मध्ये त्यांनीच लेख लिहून त्याबद्दल माफी मागितली. टीकेचा शब्दसुद्धा साचा होऊ शकतो, तेव्हा विक्षिप्त मुलगी दिसली की हे लेबल चिकटवण्याची घाई नको. नायक खोलीत नसताना ती काय करते, एवढं लिहून पाहा. एक पानभर जमलं तर ती माणूस आहे.

६. वाक्यांची डागडुजी सगळ्यात शेवटी

आरशाचा प्रसंग घ्या:

“मी आरशात पाहिलं. कुरळे तपकिरी केस खांद्यावर विखुरले होते. डोळे जरा जास्तच मोठे. मी काही सुंदर नव्हते.”

लेखकाला इथे नायिकेचं रूप सांगायचंय. पण वाचकाला डोळ्यांचा रंग दुसऱ्या पानावर आठवतही नाही. त्याला हवं असतं ते त्या शरीराचं आणि गोष्टीचं नातं. आता असं:

“ताईचा कोट मला खांद्यात घट्ट झाला होता. बटणं लावली की हात वर होत नसे. ‘नवा घेऊ या तुला,’ आई म्हणाली आणि लगेच आतल्या खोलीत गेली. ताईचा विषय निघाला की ती अशीच आत जाते.”

मुलगी वाढत्या अंगाची आहे, ताई आता नाही, आई त्याबद्दल बोलत नाही. आरसा लागलाच नाही. रोखलेला श्वास, उंचावलेली भुवई, चुकलेला काळजाचा ठोका यांनाही हेच करा. भावना शरीराच्या तयार हालचालीत न कोंबता त्या खोलीतल्या एखाद्या वस्तूवर सोपवा. सगळीकडे करू नका, नाहीतर प्रत्येक खोलीत अर्थपूर्ण कोट टांगलेले दिसतील. अधूनमधून कुणी नुसता सुस्कारा टाकला तर बिघडत नाही.

७. उलटं करणं म्हणजे नवं करणं नाही

‘निवडलेली मुलगी निघतेच खोटी’, ‘दुष्ट मुलगी आतून दुःखी’, ‘गोड मित्रच खलनायक’ ही वळणंही आता वाचकांना पाठ आहेत. तुम्ही साचा उलटा केलात तेव्हा तिसरी पायरी पुन्हा चढा. उलट्या रूपातही तोच प्रश्न लागू होतो.

८. खर्डा त्या वयाच्या वाचकाच्या हाती द्या

मोठ्यांना दहा वर्षांच्या वाचनामुळे सगळंच शिळं वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीचा तो पहिलाच त्रिकोण असू शकतो, आणि तो तिला झोपू देणार नाही. म्हणून ‘आवडलं का?’ असं विचारू नका, ती भिडेखातर हो म्हणेल. तिला पेन्सिल द्या आणि पुढे काय होणार ते कळलं त्या प्रत्येक जागी फुली मारायला सांगा. परत घेताना प्रत्येक फुलीवर बोट ठेवून विचारा, कळल्यावर पुढचं वाचायची घाई झाली की पानं गाळावीशी वाटली. घाई झाली त्या जागा तशाच ठेवा. पानं गाळावीशी वाटली त्या जागा घेऊन तिसऱ्या पायरीवर परत या.