तिची परीक्षा घेऊ नका: विसरत चाललेल्या बायकोला घरी सांभाळताना

माझं वय 83. जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या तेव्हा, 1962 साली, साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक म्हणून लागलो. पुढे बदली घेऊन अमळनेरला आलो आणि 2000 साली 58 पूर्ण झाल्यावर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. लग्न 1966 चं. हिला गेली सहा वर्षं स्मृतिभ्रंश आहे. मुलगी धुळ्याला, मुलगा पुण्याला. घरात आम्ही दोघंच. ओळखीतल्या काही निवृत्त शिक्षकांच्या घरी आता हेच सुरू झालंय. ते येऊन विचारतात, म्हणून सहा वर्षांत जे कळलं ते लिहितो.

सगळ्यात आधी डॉक्टर. ‘वय झालं, विसरणारच’ म्हणून घरी बसू नका. थायरॉइड बिघडलं, बी-12 कमी झालं, मन फार उदास झालं, तरी माणूस असाच विसरायला लागतो आणि ते औषधाने सुधारू शकतं. आम्ही पहिलं वर्ष ‘वय झालं’ यातच घालवलं. तपासण्या करून नक्की निदान झालं की मग पुढचं.

पुढचं म्हणजे, तिला प्रश्न विचारणं बंद करा. हे मी पहिलं लिहायला हवं होतं, कारण माझी सगळ्यात मोठी चूक हीच. अडतीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले, घरीही तेच सुरू केलं. ‘आज वार कोणता? सांग बरं. हा फोटो कुणाचा? आठव, आठव.’ मला वाटायचं, सराव केला की टिकेल. एका सकाळी नातवाचा फोटो पुढे धरला आणि नाव विचारलं. ती फोटोकडे पाहत राहिली, मग तिने पदराचं टोक हातात घेऊन पिळायला सुरुवात केली. पाढा न आलेलं पोर फळ्यासमोर उभं राहून चड्डीची नाडी पिळतं, अगदी तसं. त्या दिवसापासून प्रश्न संपले. आता उत्तरच आधी सांगतो. ‘हा आपला नातू, पुण्याला असतो, दिवाळीला येणार.’ फोन आला की नाव घेऊन देतो, ‘मुलगी बोलतेय धुळ्याहून.’ स्वयंपाकघरात एक छोटा फळा लावलाय. रोज सकाळी त्यावर वार आणि कोण येणार ते मोठ्या अक्षरात लिहितो. तिला वाचायला लावत नाही. वाटलं तर ती वाचते. पाहुण्यांनाही दारातच सांगून ठेवा, ‘काकू, मला ओळखलं का?’ असं विचारायचं नाही, आपलं नाव सांगून बसायचं.

दुसरी गोष्ट भाषेची. हिचं माहेर शिंदखेडा तालुक्यात, तापीकाठी. लग्न होऊन आली तेव्हा अहिराणीशिवाय दुसरं बोलत नव्हती. मी शिक्षक, शाळेत पोरांना ‘शुद्ध बोल’ म्हणून टोकायचो, घरातही तेच. तिने मुकाट्याने भाषा बदलली. आता मराठी आधी गेली आणि अहिराणी परत आली. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, “गुर्जी, मी घर जास. मनी माय वाट देखी ऱ्हायनी.” आई जाऊन तीस वर्षं झाली. मी आधी समजावलं, हेच तुझं घर, आई आता नाही. ती रडली, जणू आत्ताच निरोप आला. खरं सांगून उपयोग नाही, दर वेळी तेच दुःख नव्याने होतं. आता मी म्हणतो, “हाव, जाऊत. पहिले च्या पी लेऊत.” चहा होतो, आईचा विषय निघतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी बांधलेल्या झोक्याचं ती सांगते. अर्ध्या तासात घरी जायचं राहून जातं. तुमच्या घरात अहिराणी, लेवा गणबोली, भिली जी असेल ती काढा. मला पुन्हा बोलायला जड गेलं; तरी बोलतो.

तिसरं, हाताला काम द्या. गोष्टी विसरतात, हात विसरत नाहीत. मी शेजारच्या शेतकऱ्याकडून सरकीसकट कापूस आणतो. ती बोंडातला कापूस अंगठ्याने दाबून सरकी अशी सफाईने बाहेर काढते की मला अजून जमत नाही. मग मांडीवर वाती वळते. नाव आठवत नाही, पण वातीला पीळ कुठे थांबवायचा ते बोटांना माहीत आहे. गल्लीतल्या बायका तिच्याकडून वाती नेतात, खरंच नेतात आणि लावतात. शेंगा फोडणं, लसूण सोलणंही चालतं. विळी-सुरी मात्र कपाटात आणि गॅसची टाकी खालून बंद.

संध्याकाळी गोंधळ वाढतो. दिवेलागणीआधीच, साडेपाचला, सगळे दिवे लावा. अंधारात सावल्या हलतात, त्यांना ती घाबरते. एकदा आरशातल्या बाईवर ओरडली तेव्हा आरशावर चादर टाकली.

आंघोळीला ‘चल आंघोळ कर’ म्हटलं की नाहीच. पाणी आधी पायांवर, मग हळूहळू वर. प्रत्येक वेळी काय करतोय ते बोलत राहायचं. मोरीत दांडी आणि खुर्ची हवीच. जेवताना ताठ बसवायचं आणि एक घास गिळला की मगच दुसरा. भाकरी वरणात कुस्करून देतो. भरीत आवडतं, पण मिरची काढून.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा विचारात घ्या. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो आणि हिला तहानच लागत नाही. दर तासाला अर्धा पेला पाणी, ताक किंवा कैरीचं पन्हं मी हातात देतो. आणि एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला तर लघवी तपासून घ्या. मागच्या वैशाखात मला वाटलं, आजार पुढे गेला; निघाला लघवीचा संसर्ग. औषधानंतर आठ दिवसांत ती पुन्हा वाती वळायला बसली.

घराबाहेर निघून जाण्याची तयारी आधीच करा. आमची एकदा बोरी नदीच्या पुलापर्यंत गेली होती. आता दाराला कडी वर, डोक्याच्या उंचीला. पोलक्याच्या आत माझा नि मुलीचा नंबर शिवलाय. किराणावाला, रिक्षा स्टँड, पानटपरी, सगळ्यांना सांगून ठेवलंय, लाज बाळगली नाही. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोव्हेंबरात आपण हयातीचा दाखला देतो, त्याच फेरीत बायकोचं बघा. निवृत्तिवेतनाच्या आदेशात तिचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, बँक खातं दोघांचं आहे ना, नसेल तर ती सही करू शकते तोवर करून घ्या. आपण आधी गेलो तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिला खिडकीपुढे उभं राहून काही सांगता येणार नाही. माझ्या आदेशात तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, दुरुस्तीला सात महिने लागले.

स्वतःचं रक्तदाब-साखर तपासत राहा. मी दुपारी दोन तास एक बाई लावली आहे. त्या वेळात वाचनालयात जातो किंवा नुसता झोपतो.

शेवटचं, टाचण ठेवा. उद्याच्या तासाचं टाचण काढल्याशिवाय आपण कधी वर्गात गेलो नाही. तशीच एक वही हिची आहे: चहात साखर किती, कोणत्या कुशीवर झोपते, कशाला घाबरते, कोणत्या गोष्टीने हसते, कोणती गोळी कशाबरोबर. मी नसलो तर मुलीच्या हाती ही वही जाईल. कालचं पान असं आहे:

‘सोमवार. सहाला उठली. दीड भाकरी. वाती 41. संध्याकाळी घर मागितलं, चहावर थांबली. आईला तापीत पोहताना पाहिल्याचं सांगितलं, हे नवीन. रात्री पायाला खोबरेल लावलं, डाव्या टाचेला भेग आहे, मोजा घालणे.’