घरच्या गॅससाठी वोक घेताय? मग आधी हे बघा

घरी हक्का नूडल्स किंवा फ्राइड राइस केला की भाज्या परतल्या जाण्याऐवजी शिजतातच, कोबीला पाणी सुटतं, सिमला मिरची मऊ पडते, आणि मग लोक सॉस बदलत बसतात. सॉसचा दोष फार थोडा असतो हो, कमी पडते ती आच. चायनीज हॉटेलातल्या भट्टीची आच घरच्या गॅसच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असते, आपला मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटच्या आसपास. ती काय वाढवता येत नाही, म्हणून वोक, म्हणजे ती पसरट कडांची चिनी कढई, असा बघायचा की जेवढी आच आहे तेवढी झटकन भाजीपर्यंत पोचेल.

धातूचं म्हणाल तर कार्बन स्टील घ्या. हे जवळजवळ सगळं लोखंडच असतं, पत्रा पातळ, पटकन तापतं आणि गॅस कमी केला की पटकन निवतंही. जाडी दीड ते दोन मिलीमीटर बघा, ऑनलाइन बऱ्याचदा गेज लिहिलेला असतो, त्यात १४ गेज म्हणजे साधारण दोन मिमी. एक मिमीचा स्वस्त पत्रा तापला की वाकतो आणि मधोमध करपतं. बिडाची जाड कढई उष्णता धरून ठेवते हे खरं, काहींना त्यासाठीच ती आवडते, पण तापायला वेळ घेते, लसूण करपायला लागला तरी लवकर निवत नाही आणि भरलेली एका हाताने उचलायची म्हणजे मनगटाची वाट. चीनमधले बिडाचे वोक खूप पातळ असतात, ते वेगळं प्रकरण, इकडे सहज मिळत नाहीत. स्टेनलेस स्टीलला भात आणि अंडं चिकटतं.

नॉनस्टिक वोक मात्र या कामासाठी खरंच घेऊ नका. साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर ते कोटिंग खराब व्हायला लागतं, आणि रिकामं भांडं फुल गॅसवर ठेवलं की काही मिनिटांत तिथवर पोचतं. स्टर फ्रायला, म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतायला, तर आपल्याला तेवढंच कडक तापवायचं असतं. घरात पोपट, लव्हबर्ड असतील तर जास्तच जपा, त्या तापलेल्या कोटिंगचा धूर पक्ष्यांना जीवघेणा असतो.

घरात लोखंडी कढई आहे, तीच चालेल का? पातळ आणि पसरट असेल तर चालेल की, नवीन खर्च कशाला. पण खोल, उभ्या कडांच्या कढईत सगळं तळाशी गोळा होतं आणि वाफ आतच अडकते. वोकच्या कडा बाहेर पसरत जातात त्यामुळे वाफ निघून जाते, आणि झालेला जिन्नस कडेला सरकवून मध्ये अंडं फोडता येतं.

आता बूड. परदेशी व्हिडिओत सरसकट सपाट बूड घ्या सांगतात ते तिकडच्या सपाट इलेक्ट्रिक शेगड्यांमुळे. अमेरिकेत वगैरे राहत असाल किंवा घरी इंडक्शन असेल तर सपाटच घ्या. आपल्या गॅसच्या स्टँडवर गोल बुडाची कढई पिढ्यान्‌पिढ्या बसतेय, गोल वोकही बसतो, फक्त डुगडुगत असेल तर स्टँडवर एक रिंग ठेवून त्यात बसवा. गॅस आणि इंडक्शन दोन्हीवर वापरणार असाल तर लहान सपाट बूड आणि गोलाईत चढणाऱ्या कडा, असा बघा.

साइज तीन-चार माणसांना १२ ते १३ इंच पुरे, १४ च्या वर गेलात तर कडा थंडच राहतात. दुकानात जाऊन घेत असाल तर एका हाताने उचलून मनगट हलवून बघा, जड वाटला तर तो तिथेच ठेवा. एक लांब दांडा आणि समोर छोटा कान असलेला घरी सगळ्यात सोयीचा, दोन कानांचा कँटनीज प्रकार फडक्याने धरावा लागतो. दांड्याचे रिव्हेट हलताहेत का तेही बघून घ्या.

आणल्यावर लगेच रांधू नका. गंज लागू नये म्हणून त्याला तेल किंवा मेण लावलेलं असतं, ते साबण आणि तारेच्या घासणीने खरवडून काढायचं, मग खिडक्या उघडून, चिमणी लावून मोठ्या गॅसवर फिरवत फिरवत तापवायचा. पत्रा निळसर पडतो, घाबरू नका, तसाच पडायला हवा. मग राइस ब्रॅन किंवा शेंगदाणा तेलाचा अगदी पुसट हात फिरवून धूर थांबेपर्यंत तापवा, असं तीन-चारदा. तेल जास्त झालं तर थर चिकट होतो.

रांधताना वोक आधी कोरडा कडक तापवा, पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळाला की तेल आणि लगेच जिन्नस. एका वेळी दोन माणसांपुरतंच घाला. भात आदल्या दिवशीचा, भाज्या धुऊन कोरड्या केलेल्या. सोया सॉस, व्हिनेगर शेवटी थोडंसं चालतं, पण टोमॅटोची ग्रेव्ही किंवा चिंचेचं सार त्यात उकळू नका, तेल तापवून बसलेला तो काळा थर निघून जातो. गेलाच तर परत तेल लावून तापवा, वोक काही वाया जात नाही. धुतल्यावर गॅसवर मिनिटभर ठेवून पूर्ण सुकवायचा, आणि पावसाळ्यात, त्यातून कोकण-मुंबईकडे असाल तर, रोज तेलाचा हात पुसून मगच कपाटात.